भिंतीकडे तोंड

रविवार, १९ जानेवारी

प्रिय बेबीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र बघून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. माझी पाठ दुखते, पण ती दुखली नाही तर मलाच चुकल्यासारखं होईल. शेजारच्या वकिलांचं व्हायोलिन मात्र यंदा आश्चर्यकारक सुधारलं आहे. पूर्वीसारखं किंचाळत नाही.

तुझी नात माझ्याकडे राहते त्याचा घोर करू नकोस. वेळेवर जेवते आणि ओले टॉवेल दारावर टाकते. शिकवायचं कसं हे शिकते आहे आणि जोडीला कानाचं शास्त्र. हल्ली तिसऱ्या वर्षाच्या पोरींनाही संशोधन करावं लागतं म्हणे. आपल्याला पदवीपर्यंत कुणी काही शोधायला सांगितलं नव्हतं. सगळं आधीच सापडलेलं असायचं.

तिचा विषय असा: बाई फळ्याकडे तोंड करून बोलल्या तर मुलांना किती कळतं. मी म्हटलं, “यात शोधायचं काय? लक्ष दिलं तर सगळं कळतं.”

“हे तुझं मत झालं, ताईआजी. मला मोजून दाखवावं लागतं.”

जिभेला धार आहे पोरीच्या. तुझ्याकडून आलेली नाही, म्हणजे माझ्याकडूनच.

परवानगी मिळाली ती माझ्याच जुन्या शाळेत, माझ्या शब्दावर. आताची मुख्याध्यापिका माझी विद्यार्थिनी. तिनं शिक्षकांच्या खोलीत सर्वांना सांगितलं, “बाई म्हणजे रडार होत्या. शेवटच्या बाकावर कुजबुजलं तरी पकडायच्या.” खोटं कशाला बोलू, मान ताठ झाली.

काम सोपं होतं. नात एक वाक्य म्हणणार, मूल ते परत म्हणणार, मी बरोबर की चूक ते सांगणार आणि तिची मैत्रीण टिपून घेणार. वाक्य म्हणणाऱ्यानं स्वतःच तपासायचं नाही, पक्षपात होतो, असा नियम. बोलणारीचं तोंड दिसू नये म्हणून मूल भिंतीकडे तोंड करून बसवायचं. माझी खुर्ची त्याच्या मागे. शिक्षा झाल्यासारखी बसली होती बिचारी पोरं.

पहिली काही मुलं घसा फाडून बोलणारी होती. मग एक वेणीवाली मुलगी आली. तिचं मी चूक म्हटलं, परत चूक, परत चूक. शेवटी माझा संयम संपला.

“हिच्या आईवडिलांना बोलवा. पोरीला ऐकू येत नाही. आणि येत असेल तर ही तोंडातल्या तोंडात बोलते. हल्ली कुणाला तोंड उघडायला शिकवतच नाहीत.”

मुलगी गर्रकन वळली. रडत नव्हती, चिडली होती. मला आवडली.

“मी बरोबर म्हटलं, आजी. परत म्हणू?” आणि तिनं म्हटलं. शब्द न् शब्द स्वच्छ.

“बघ, आता कशी बोललीस,” मी म्हणाले.

नातीनं माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. “बाळ, अगदी असंच, पण भिंतीकडे बघून म्हण बरं.”

ती वळली. तिची वेणी हललेली मला दिसली. बाकी काही नाही.

वर्गात त्यावर कुणी काही बोललं असेल तर मला माहीत नाही.

मग नातीच्या कॉलेजात, कान तपासायच्या काचेच्या खोलीत माझी वरात गेली. कानांवर टोपणं, हातात बटण. टीं वाजलं की दाबायचं. मी शहाण्यासारखी वाट बघत बसले, आणि तिकडे टीं टीं होऊन गेलं होतं. बारीक, उंच आवाज माझ्यापासून केव्हाच गेलेत. नात म्हणाली, “ताईआजी, तू ऐकत नाहीस. ओठ वाचतेस. आणि भन्नाट वाचतेस.”

आपल्या शाळेतल्या सिस्टर आठवल्या. म्हणायच्या, बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघा, छताकडे नको, छतावर उत्तरं लिहिलेली नाहीत. जन्मभर तेच केलं. म्हणजे रडार वगैरे काही नव्हतं, नजर होती. आणि वकिलांचं व्हायोलिनही सुधारलेलं नाही.

त्या मुलीचं तपासणं माझ्याऐवजी दुसरीनं केलं. सगळं बरोबर निघालं. ते सांगायला मी मुद्दाम शाळेत गेले. ती म्हणाली, “मला माहीत होतं.”

आता ज्यासाठी कागद घेतला ते. फोनला तोंड नसतं, बेबी.

मागच्या महिन्यात तू फोन केलास, बराच वेळ बोललीस, तुझ्या त्या हळू आवाजात. मला नुसता चढउतार लागत होता. “मोठ्यानं बोल” एवढं म्हणायला माझी जीभ रेटेना. माझी, बघ. तू थांबलीस, तेव्हा काहीतरी विचारलं असेल असं धरून मी म्हणाले, “बघू या.” आणि ठेवला. त्यानंतर तुझा फोन नाही. आणि मी सुटकेचा श्वास टाकला, हेही लिहून टाकते.

काल नातीला विचारलं. ती म्हणाली, “आजीनं तुझ्याकडे काहीतरी मागितलं होतं. तू बघू या म्हणालीस. त्या रात्री ती जेवली नाही म्हणे.”

“काय मागितलं?”

“ते मी नाही सांगणार. तुमचं दोघींचं आहे.”

तू कधी काही मागणारी नव्हेस. माझे उतरलेले फ्रॉक घातलेस, माझी उरलेली पेन्सिल झिजवलीस, आणि वर थँक्यू म्हणालीस. या वयात पहिल्यांदा मागितलंस आणि मी सरकारी कचेरीसारखं उत्तर दिलं.

तर काय मागितलंस ते मला अजून माहीत नाही, पण उत्तर हो आहे. खोली हवी असेल तर हो. सोबत हवी असेल तर हो. तुझं ते बोचकारणारं मांजर बरोबर आणायचं असेल तर तेही, नाइलाजानं, हो.

कानाचं यंत्र यायला वेळ आहे. त्यासाठी थांबू नकोस. खिडकीजवळची खुर्ची मी वळवून ठेवली आहे, उजेड तुझ्या चेहऱ्यावर पडेल अशी. ये, तिथं बस, आणि पहिल्यापासून सांग. हळू बोललीस तरी चालेल.

तुझ्या तोंडाकडे बघत बसलेली,
ताई