माळजावई

मंगळवार, सकाळी चहानंतर

प्रिय डेन्झिल,

पाकीट जाड लागलं म्हणून घाबरू नकोस, कोणी गेलेलं नाही. इतकी वर्षं आपण नाताळच्या कार्डावर दोन-दोन ओळी खरडत आलो. त्यात ऑक्टोबरात माझं एवढं लांबलचक पत्र म्हटल्यावर तू आधी चष्मा शोधशील आणि मग खुर्ची. दोन्ही सापडलं असेल तर बातमी ऐक. गेल्या शनिवारी, वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी, भर माळावर माझ्या पाठीत फांदीचे तीन फटके बसले. सगळ्या गावादेखत, आणि लोक टाळ्या वाजवत होते. मी हक्कदार झाले, डेन्झिल. हजार वर्षांपूर्वी राजा ॲथेलस्टननं दिलेल्या माळावर स्वतःच्या नावानं शेताची पट्टी मिळालेली पहिली बाई. पाठ अजून जरा हुळहुळतेय आणि मी दिवसातून चार वेळा आरशात वळून बघते की वळ दिसतोय का. दिसत नाही. वाईट वाटतं.

हे तुला सगळ्यात आधी सांगावंसं वाटलं. राजाची आणि तुझी ओळख माझ्यामुळे झाली नव्हती, उलट राजामुळे तू मला भेटलास. मठाच्या भिंतीची डागडुजी करायला कॉर्नवॉलहून आलेली तुमची गवंड्यांची टोळी, आणि त्यातला एक लांबुडका पोरगा दुपारी राजाच्या थडग्याला टेकून पेस्टी, ती तुमची मांस-बटाटा भरलेली भाजकी करंजी, खात बसलेला. मी डबा घेऊन बाबांकडे चालले होते. मी म्हटलं, अहो, राजाच्या अंगावर चुरा सांडतोय. तू वर बघून म्हणालास, ‘सांडू दे, आत कोणी नाहीये.’ मला इतका राग आला होता. खरं होतं ते, हाडं केव्हाच हरवलीत, दगडी राजासुद्धा त्याच्या मागून चार-पाचशे वर्षांनी कोणीतरी घडवलेला. पण आपल्या माणसाबद्दल परक्यानं असं बोलू नये, असं आम्हाला वाटतं.

आणि तो आमचा माणूसच होता. बाबा त्याच्याबद्दल असं बोलायचे की ऐकणाऱ्याला वाटावं, काल संध्याकाळी दोघं दारूच्या गुत्त्यात शेजारी बसले होते. आल्फ्रेड राजाचा नातू, पण लहानपण आत्याकडे गेलं, म्हणून माणसांची किंमत कळली, असं बाबांचं मत. सगळ्या इंग्लंडवर राज्य करणारा पहिला. उत्तरेतल्या राजांनी एकी करून चढाई केली, तेव्हा त्यांना असं झोडपलं की पुढे पिढ्यान्‌पिढ्या त्या लढाईचं नाव निघायचं. लग्न केलं नाही, मूलबाळ नाही, पण परमुलखातल्या राजांची पोरं आपल्या घरी वाढवली. पंचेचाळिशीच्या आसपास ग्लॉस्टरला वारला. घरातली सगळी मोठी माणसं विंचेस्टरला पुरलेली, ह्यानं मात्र आमच्या गावात जागा मागितली. आमच्या गावचे लोक लढाईत त्याच्या बाजूला उभे राहिले, म्हणून त्यानं गावाला माळ दिला, असं आम्ही मानतो. कागद दाखवा म्हणणाऱ्याशी आम्ही बोलत नाही. बाबा म्हणायचे, ‘हाडं गेली, मुकुट गेला, माळ राहिला. काय मागे ठेवावं हे त्याला कळत होतं.’

त्यावर तू काय म्हणाला होतास ते आठवतं? आमच्या घरी पहिल्यांदा जेवायला आलास तेव्हा. ‘तुमच्या ह्याच राजानं आमच्या लोकांना एक्सेटरमधून हाकललं, टेमर नदीपलीकडे ढकललं, आणि मी त्याच्याच थडग्याचे सांधे भरतोय.’ मला वाटलं, आता बाबा ताट उचलून नेणार. बाबांनी तुला आणखी एक बटाटा वाढला आणि म्हणाले, ‘त्यानं ढकललं म्हणून तुम्हाला समुद्र मिळाला. आभार मान आणि जेव.’ तू आवडला होतास त्यांना. नंतर आईला म्हणाले, पोरगा भांडतो सरळ तोंडावर, बरा आहे.

पण तू गावातला नव्हतास, आणि तुला आमचा एक शब्द माहीत नव्हता. माळजावई. हक्क बापाकडून मुलाला जायचा. मुलगा नसेल तर मुलीच्या नवऱ्याला. मुलीला स्वतःला कधीच नाही, तिच्या अंगावरून हक्क नुसता पलीकडे जायचा. मी एकुलती एक. चौदाव्या वर्षापासून मला कळत होतं की माझ्यामागे अर्ध्या एकराची पट्टी चालते आणि पोरांची नजर कधी माझ्यावर असते, कधी तिच्यावर. पट्टीसाठी लग्न केलेल्या माणसाला गुत्त्यात हाक मारायचे, ‘या माळजावई, पट्टी कशी आहे? आणि बायको?’ ह्याच क्रमानं. माझ्या मावशीचा नवरा त्यातला. आयुष्यभर त्यानं तिच्यापेक्षा कांद्यांशी जास्त गप्पा मारल्या. म्हणून गावातली पोरं लग्नाचं कुठेही विचारायची, नदीकाठी, बसमध्ये, चिपनमला सिनेमा सुरू असताना कानात, एकानं तर दंतवैद्याच्या बाहेर बाकावर विचारलं. माळावर मात्र कोणीही विचारत नसे. माळावर विचारलं की त्याचा एकच अर्थ होतो. हे कोणी शिकवत नाही, शेजाऱ्याच्या मांजराचं नाव माहीत असावं तसं ते माहीत असतं.

तू माळावर विचारलंस. कोबी आणायला आपण गेलो होतो, टोपली तुझ्याकडे. पट्टीच्या कडेला थांबून तू खाली वाकलास, मूठभर माती उचललीस, बोटांत चुरून बघितलीस आणि म्हणालास, ‘विनी, माझ्याशी लग्न करशील?’ मातीवर नजर ठेवून, मूर्खा. राजाच्या बहिणीला मागणी घालायला फ्रान्सहून माणसं आली होती ती अत्तरं, रत्नं, वेगवान घोडे घेऊन. तू आलास तो माझ्या बापाचीच माती हातात घेऊन. मला हसू येतंय आता. तेव्हा नाही आलं. मी म्हटलं, ‘कोणाशी करायचंय तुला, माझ्याशी की पट्टीशी?’ अर्धी थट्टा होती ती. तू हसून काहीतरी उलट बोलशील, नेहमीसारखा भांडशील, मग मी हो म्हणेन, असं मनात ठरवूनच टाकलं होतं मी. तू गप्प बसलास. दोनदा तोंड उघडलंस, दोनदा मिटलंस. मग हात पँटला पुसलेस, टोपली उचललीस, आमच्या दारापर्यंत मुकाट्यानं आणून ठेवलीस आणि गेलास. पंधरा दिवसांत भिंतीचं काम संपलं. मला वाटलं, गप्प बसला म्हणजे खरंच होतं. जो माणूस मेलेल्या राजाशी भांडतो त्याला माझ्यासाठी एक वाक्य सापडलं नाही, ह्याचा मी तो एकच अर्थ लावला आणि सत्तेचाळीस वर्षं तोच धरून बसले.

मी कुढत बसले होते असं समजू नकोस, तेवढा भाव तुला देणार नाही. पोस्टाच्या खिडकीत पस्तीस वर्षं मजेत काढली, गावातल्या प्रत्येकाचं अक्षर मला ओळखता येतं. दोघांनी मागणी घातली, दोघांनीही बसमध्ये, दोघांनाही मी नाही म्हटलं. तुझ्या लग्नाचं कळलं तेव्हा आठवडाभर जेवण गेलं नाही, मग तुझ्या बायकोचं, मोर्वेनाचं, पहिलं कार्ड आलं. ‘हा तुमच्याबद्दल फार बोलतो, म्हणून तुम्हाला लिहिते,’ इतकं सरळ. अशा बाईवर राग धरायचा कसा? ती गेल्यावर मी एकटीनं मठात जाऊन तिच्यासाठी मेणबत्ती लावली होती. चार वर्षं झाली, तुला सांगितलं नव्हतं.

बाबा गेले तेव्हा पट्टी परत गावाकडे गेली, जावई नाही म्हणून. त्यांनी लावलेले पार्सनिपचे कंद दुसऱ्यानं उपटले. तेव्हा मी उठले. हक्कदारांच्या सभेत अर्ज दिला की मुलींना स्वतःचा हक्क द्या. पहिल्या वर्षी हसले, दुसऱ्या वर्षी खोकले, तिसऱ्या वर्षी म्हणाले, राजाच्या शब्दात बदल कसा करणार? मी म्हटलं, राजाचा शब्द तुमच्यापैकी कोणी ऐकलाय? नऊ वर्षं चाललं हे. शेवटी म्हातारा ऑसवॉल्ड म्हणाला, ठीक आहे, मुली येऊ देत, पण मग जावयांचा हक्क बंद. एका घरातून दोन तोंडं नकोत. त्याला वाटलं मी अडून बसेन. मी सगळ्यात आधी हात वर केला. तेव्हा मी का हसत होते, ते तिथे कोणाला कळलं नाही, आणि खरं सांगू तर मलाही पुरतं कळलं नव्हतं.

आता शनिवार. नवा हक्कदार आपल्या पट्टीवर उभा राहतो, कारभारी गवतासकट मातीचा तुकडा कापतो, त्यात फांदी खोचतो आणि तीनदा विचारतो, ‘कशासाठी आलास?’ उत्तर ठरलेलं आहे, ‘राजानं दिलं ते घ्यायला,’ आणि ते आलं की त्याच फांदीचे तीन फटके पाठीत. आमच्या गावात हे दुधपित्या पोरालाही पाठ. कारभारी म्हणजे आता गॉडफ्री, तोच, जो लहानपणी माझ्या खिडकीत तिकिटं जिभेऐवजी नाकानं चिकटवायचा. त्यानं सवयीनं ‘आलास’ म्हटलं, मग ‘आलीस’ केलं, मग घाबरून ‘आलात’. आणि मी गप्प. शब्द माहीत होते, डेन्झिल, ओठांवर होते. पण समोर ती माती, बाबांची, आणि कशासाठी म्हटल्यावर एकदम सगळंच वर आलं, बाबांचे हात, मावशी, तू, नऊ वर्षांच्या सभा, आणि एवढ्या सगळ्यातून एक शब्द बाहेर पडेना. दुसऱ्यांदा विचारलं. मी तोंड उघडलं आणि मिटलं. लोक चुळबुळायला लागले. तिसऱ्यांदाही उत्तर आलं नाही तर पुढच्या वर्षी या, असा नियम. गॉडफ्रीनं तिसऱ्यांदा विचारलं, जवळजवळ विनवणीच्या सुरात, आणि माझ्या तोंडून निघालं, ‘बटाटे.’

हसू नकोस. सगळे आधीच हसलेत. हक्कदारांनी तिथेच, थंडीत, डोकी एकत्र करून खल केला की हे उत्तर धरायचं का. शाळेतल्या बाईंनी सांगितलं की ॲथेलस्टनच्या काळात ह्या देशात बटाटा नव्हताच, राजानं तो जन्मात पाहिला नाही. त्यावर ऑसवॉल्ड, माझा नऊ वर्षांचा वैरी, काठी आपटून म्हणाला, ‘बिचारा राजा. पाहिला असता तर बटाट्यांसाठीच दिला असता. मारा तिला.’ आणि मारलं. पहिला फटका बसला आणि मी रडायला लागले, तिसऱ्याला हसत होते. नंतर सभागृहात जेवण झालं, राजाच्या नावानं पेले उचलले, लोक मला ‘बटाटेबाई’ म्हणून हाका मारत होते आणि मी प्रत्येक हाकेला ओ देत होते. इतका आनंद मला कधी झाला असेल, आठवत नाही.

पण घरी येऊन बूट काढता काढता मी तशीच बसून राहिले. एक बूट पायात, एक हातात. मला कळलं की उत्तर भरपूर असलं तरी माणूस गप्प होतो. तू त्या दिवशी तोंड दोनदा उघडलंस. मी तिसऱ्यांदा विचारायला हवं होतं. गावाचा नियमच आहे तो, तीनदा विचारायचं, आणि मी, गावातली, नियमात वाढलेली, एकदा विचारून निकाल दिला. चूक माझी होती, डेन्झिल. तू परका होतास, माळावर विचारलंस, मातीला हात लावलास कारण तू गवंडी आहेस आणि तुला प्रत्येक गोष्टीला हात लावायची खोड आहे. एवढंच होतं ते. मला माफ कर.

आता का लिहितेय ते सांगते, आणि हे वाचताना खुर्ची सोडू नकोस. नवीन नियमाप्रमाणे माझ्याशी जो लग्न करेल त्याला माळातली बोटभर जागाही मिळणार नाही. गॉडफ्रीकडून दोनदा खात्री करून घेतली, तो विचारतच होता की हे कशाला हवंय. माझ्यामागे आता काही नाही, नुसती मी आहे, दुखऱ्या गुडघ्यांसकट. म्हणून ह्या वेळी मी विचारते. डेन्झिल, माझ्याशी लग्न करशील? मोर्वेनाला मनात आणि तुझ्या मुलींना समोर बसवून विचारून बघ, घाई नाही. उत्तर लगेच सुचलं नाही तर गप्प राहा. कितीही वेळ गप्प राहा. मी पुन्हा विचारेन, आणि मग आणखी एकदा.

हो म्हटलंस तर तुझी, आणि नाही म्हटलंस तरी तुझीच,
विनी