फक्त शनिवारी येणारी मुलगी

गुरुजी,

चित्रं काढून पोरीचं पोट भरतंय का, असं माझ्या चौथीतल्या एका मुलीच्या आईनं मला विचारलं. तुम्हाला विचारलं असतं, पण तुम्हाला जाऊन आता सात वर्षं होतील.

लोह्याच्या शाळेत मी तुमच्या हाताखाली सातवीत होते, ते दुष्काळाचं साल. आईबाबा खडी फोडायला जायचे, आम्ही शाळेत वाटलेली सुकडी खायचो. तुम्ही रंगाच्या वड्या कपाटात ठेवून दिल्या. "प्यायला न्हाई, तिथं ब्रश कशात धुवायचा?" म्हणून चुलीतला कोळसा, गेरू, चुरगळलेला पाला असं कोरडंच सगळं. मी आमच्या वस्तीची विहीर काढली, काठोकाठ भरलेली, वर कमळं. तुम्ही कागद उचलून धरला. "हिच्यात पाणी कवा आलं गं? आम्हाला सांगितलं न्हाईस." सगळा वर्ग हसला. मग हळूच म्हणालात, "बघितलंस तेच काढ. तळाला भेगा हायेत, त्या काढ." मी रडतच घरी गेले. दुपारी विहिरीच्या काठावर पोटावर झोपून तळ बघत बसले आणि कोळशानं एकेक भेग काढली. भूक विसरले असं म्हणणार नाही, भूक होतीच. पण तेवढा वेळ ती माझ्या शेजारी बसून होती, माझ्यात नव्हती. तेव्हापासून हात थांबलेला नाही. त्याच आठवड्यात तुम्ही आमच्या घरी आलात. आमच्या बौद्ध वस्तीत चुलीजवळ बसून बिनदुधाचा चहा घेणारे तुम्ही पहिले मास्तर. बाबांना म्हणालात, "हिला मधेच काढू नका." आणि बाबांनी काढलं नाही. घरात पदवी घेतलेली मी पहिली.

आता मी मुरुडजवळच्या एका गावात शिकवते. जिल्हा नवा झाला, तेव्हा मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, तुमचा हात वळणदार आहे, बोर्ड तुम्हीच रंगवा." उस्मानाबाद खरवडून मी लातूर लिहीत होते, तर पारावरचे एक आजोबा म्हणतात, "नाव नवं आलं, आता पाणी बी येईल का वो, बाई?"

पाणी टँकरनं येतं, दुपारी. जिच्या आईनं मला तो प्रश्न विचारला, ती मुलगी शाळा भरते तेव्हापासून रांगेत घागरी धरून असते. वडील पुण्याला कामावर, आई रोजगारावर. शनिवारी शाळा सकाळची असते, सुटल्यावर रांग गाठता येते, आणि चित्रकलेचा तास त्याच दिवशी, म्हणून ती तेवढ्यापुरती येते. मातीत बसलेली बाई ती चार रेषांत काढते, आणि त्या बाईचे गुडघे दुखतात हे आपल्याला दिसतं. मी तिच्या आईकडे दोनदा गेले. "शनिवारी नेता ना, बाई? तेवढं लई झालं. बाकीचे दिवस घागर तुमी धरता का?" म्हणून एक दिवस सुट्टी टाकून, तिला वर्गात पाठवून मीच रांगेत उभी राहिले. बायका हसून हसून बेजार. "बाई, पदर खोचा, इथं घंटा वाजत न्हाई!" टँकर आला तशी मी मागे ढकलले गेले. अर्धी घागर मिळाली. शाळा सुटल्यावर मुलगी माझ्याकडे बघून लाजली. दुसऱ्या दिवसापासून तिनं पुन्हा स्वतःच नंबर लावला.

मग मुख्याध्यापक म्हणाले, "नव्या जिल्ह्याचे साहेब तपासणीला येणार आहेत. जी पोरं येत नाहीत त्यांची नावं कमी करा." नाव गेलं की तिचा शनिवारही जाणार. शाळेची वेळ बदला म्हटलं, तर वेळापत्रक वरून येतं. टँकर सकाळी पाठवा म्हटलं, तर ते आपल्या हातात नाही. माझ्या हातात काय आहे, हे मी दोन दिवस शोधत होते.

हजेरीपट होता. महिनाभराच्या कोऱ्या सोडलेल्या चौकटीत मी तिच्या नावापुढे रोज 'हजर' भरलं. साहेब आले, पानावरून बोट फिरवलं, सही करून गेले. तुम्ही हयात असता तर हे पत्र पेटीत टाकायची माझी हिंमत झाली नसती. आज मंगळवार. ती रांगेत होती, आणि मी तिची हजेरी लावली, शाईनं.