प्रतीक्षाला आणायला गेलो त्याची हकीकत

श्री. उकंडराव व्याहीबुवांना महादेवरावाचा रामराम. विहीणबाईंना आमच्या घरच्यांचाही नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का, आणि आमचे जावई हरिओमराव यांच्या खताच्या दुकानात गिऱ्हाईक कसं आहे, तेही कळवावं. इकडे मोताळ्याकडे ऊन फार. बाकी सगळे बरे आहोत.

तुमच्या सांगण्यावरून मी प्रतीक्षाला आणायला कोकणात गेलो. लग्नाला वर्ष झालं, आता सुनेनं वनरक्षकाची नोकरी सोडून चिखलीला नांदावं, हे तुमचं म्हणणं मला पटलं होतं. नांदुऱ्याला रेल्वेत बसलो तेव्हा भाषण तोंडपाठ होतं. पण पोरगी घरी सापडेल तर ना. ती रोज ओहोटीला पायी खाडी ओलांडून एका वाळूच्या बेटावर जाते. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला समुद्र, मधे ही लांबट पट्टी. ना घर, ना हॉटेल, ना चहाची टपरी. तिथं कासवांची अंडी राखायची, हे तिचं काम. (आपण रानडुकरांपासून मका राखतो तसंच, फक्त इथली मालकीण अंडी घालून समुद्रात निघून गेलेली.) मीही धोतर खोचून तिच्या मागं निघालो.

वाळू पाहिली आणि फसलो. इतकी साफ, की कोणीतरी आत्ताच खळं तयार करून ठेवलंय असं वाटावं. खळ्यावर पायताण घालून जायचं नाही हे लहानपणापासून अंगात भिनलेलं, म्हणून तुम्ही लग्नात दिलेला नवा जोडा मी कडेला काढून ठेवला. समुद्राला हा रिवाज माहीत नव्हता. जोडा गेला, राग नसावा. मग अनवाणी चाललो. दुसऱ्याच्या वावरातून आडवं जाणं बरं नाही म्हणून कडेनं चालायला आधी बांधाचा धुरा शोधला, तर धुराच नाही. (रताळ्यासारखा वेल पसरलेला दिसला, तो उपटून पाहिला. खाली रताळं नव्हतं, आणि तुमच्या सुनेनं मला तो परत लावायला लावला.)

खरं सांगतो, आधी तिथं जीव रमेना. मी आयुष्यभर जमीन पाहिली ती ‘यात काय पिकेल’ या नजरेनं. इथं कोणी पेरत नाही, कोणी कापत नाही, आणि तरी पोरगी पहाटेपासून ती जमीन राखते. चालता चालता डोक्यातला हिशेब कधी थांबला कळलं नाही. फार बरं वाटलं.

परत निघालो तर खाडीचं पाणी चढलेलं, वाट बंद. मी काठावर येरझारा घालू लागलो. प्रतीक्षानं डबा उघडला.

“बाबा, बसा. पाणी आपल्या टायमानं जाते.”

लहानपणी विहिरीत डोकवायला भिणारी ही पोर, माझा हात धरून मला सुरूच्या झाडांच्या सावलीत घेऊन गेली. तिथं भाकर खाता खाता मी तुमचा निरोप एक शब्दही न गाळता सांगितला. तिनं वाळूत बोटानं एक रेघ ओढली.

“मले सोडायची नाही. पण तुमी अन् मामाजी म्हणत असान, तं सोडते.”

भांडली असती तर मीही भांडलो असतो, व्याहीबुवा. तयारी तशीच करून गेलो होतो. हे ऐकून मात्र मी हातातली भाकर परत डब्यात ठेवली.

असो. निरोप पोचवला, तिनं मान्य केलं, तुमचं काम झालं. लोभ आहेच, तो तसाच राहू द्यावा.

तुमचा,
महादेवराव

ता. क. तिनं मान्य केलं, पण मी केलं नाही. मी तिला तिथंच सांगून टाकलं, की निरोप अर्धाच झालाय. तुझी मर्जी नसेल तर नोकरी चालू राहू दे, असंही मामाजींनी सांगितलंय. हे तुम्ही बोलला नव्हता, मला ठाऊक आहे. (हरिओमरावांना मी सगळं कळवलं. ते कोकणाचं तिकीट काढून बसले आहेत.)

पुन्हा ता. क. ते ऐकून ती रडली. म्हणाली, “मामाजी मले एवढं समजून घेतीन, असं वाटलंच नव्हतं.” रविवारी ती तुमचे आभार मानायला फोन करणार आहे. मला खोटं पाडलंत तरी चालेल, तिचं ते बोलणं तेवढं खोटं पाडू नका.