मूय येनार शे

३० मार्च १९७१, मंगळवार
कडुनिंबावरून एक दोरा लोंबतोय. आधी वाटलं पतंगाचा मांजा. स्टुलावर चढणार होते, मनगटाने नको म्हटलं, मग खालूनच काठीने हलवून पाहिला. मांजा नाही. हिरवट आहे, ओलसर, शिवणाच्या दोऱ्याएवढा जाड. आणि निघालाय कुठून, तर मी पंधरा दिवसांपूर्वी बुंध्याशी कापलेल्या गुळवेलीतून! वाळका दोरखंड समजून विळा चालवला होता. आत हिरवीगार निघाली तेव्हा जीव चरकला, पण तोडलं ते तोडलं.

म्हणजे ही बया जमिनीपासून तुटूनही जिवंत आहे. खाते काय? पिते काय?

शिवणाच्या डब्यातली टेप काढली. दोऱ्याचं टोक जमिनीपासून ६५ इंच.

२ एप्रिल, शुक्र.
६१ इंच. नाडी ठीक म्हणायला हरकत नाही.

पुण्याहून अविचं पत्र. भाऊ गेल्यापासून दर महिन्याला न चुकता लिहितो. या वेळी मात्र सरळ मुद्द्यावर. "आत्या, फाल्गुनात विहिरीच्या कडेला पडलीस, मनगटावर निभावलं. पुढच्या वेळी कोण उचलणार? मागची खोली तुझ्यासाठी रिकामी ठेवली आहे. अक्षय तृतीयेपर्यंत, तुमच्या तिकडच्या आखाजीपर्यंत, नक्की काय ते कळव, म्हणजे मे महिन्यात न्यायला येतो आणि मळ्याचं काय ते लावून टाकू."

पोरगा भला आहे, हीच पंचाईत. वाईट असता तर परतीच्या टपालाने झापला असता.

धुळ्याच्या दवाखान्यात तीस वर्षं नर्स, देवपुरातली एक खोली, आणि रिटायर झाल्यावर हा सोनगीरजवळचा दीड एकराचा मळा. इथे येऊन पुरतं दीड वर्षही नाही झालं. गावातले लोक नर्सबाई म्हणतात, बरं बोलतात. पण मी इथली कोण? याचं उत्तर मला देता येत नाही, अविला काय देणार?

५ एप्रिल, सोम.
५६ इंच. स. ६ वाजता मोजत होते तेवढ्यात शेजारच्या शेतातून सखूअक्का आल्या. माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठ्या, रोज एकदा कुंपणातून डोकावल्याशिवाय चहा घशाखाली उतरत नाही त्यांच्या.

"काय मोजी ऱ्हायनी व बाई?"

सगळी हकीकत सांगितली. हसल्या. "तू कापी, पन ती मरस नही. वरथून मूय टाकस."

मूय म्हणजे मूळ. इथे ळ चा य होतो. मळ्याचा मया, शाळेची शाया. वॉर्डात पहिल्या वर्षी एक बाळंतीण "डोया दुखस" म्हणाली, तर मी तिची डोई चेपत बसले होते. दुखत होता डोळा.

तर हे मूळ आहे! वरून खाली येणारं मूळ. साठी ओलांडली, एवढी माणसं जन्माला आलेली पाहिली, हे नव्हतं पाहिलं.

९ एप्रिल, शुक्र.
ऊन फार. सोनगीरच्या किल्ल्याकडे बघवत नाही. ५२ इंच, म्हणजे चार दिवसांत चारच. टोक तपकिरी पडलंय. भिजवलेल्या गोणपाटाची पट्टी वेलीच्या खोडाला गुंडाळली, दु. ३ ला पुन्हा भिजवली. वेडेपणा आहे. विहिरीचं पाणी काढताना मनगट ठणकतं आणि अविचा चेहरा आठवतो.

अविला उत्तर नाही.

१० एप्रिल
टोक पुन्हा हिरवं! ओरडलेच. ऐकायला फक्त साळुंक्या.

१३ एप्रिल, मंगळ.
४० इंच. अक्कांबरोबर वांगी तोडली. बोलता बोलता अविच्या पत्राचं सांगून टाकलं, नको होतं सांगायला. तोडणं थांबवून माझ्याकडे बघत राहिल्या.

"मंग तुले जानंच शे का पुनाले?"

म्हटलं, ठरलं नाही. विषय बदलावा म्हणून म्हटलं, ही गुळवेल जगली तर कुंपणालाही एक लावीन, कुठून चांगलं मूळ मिळालं पाहिजे.

अक्कांनी हातातलं वांगं टोपलीत टाकलं आणि एकदम म्हणाल्या, "मी मन्हा भाऊले सांगसू. आखाजीना आगोदर तुन्हासाठे बी मूय येनार शे."

त्यांचं माहेर नरडाण्याच्या पलीकडे, बांधांवर जुनी झाडं पुष्कळ आहेत म्हणे. भाऊ नथ्थूआबा दर आखाजीला त्यांना न्यायला येतात, बहात्तराव्या वर्षीही. येताना माझ्यासाठी मूळ आणतील. केवढी आठवण ठेवतात ही माणसं! बरं वाटलं.

१४ एप्रिल
कुंपणाशी खड्डा केला. हातभर खोल. मनगटामुळे अर्धा सकाळी, अर्धा संध्याकाळी. शेणखत दोन टोपल्या. आता रोज एक घागर पाणी, म्हणजे माती मुरेल. अक्का बघून गेल्या. "हाई काय व?" म्हणाल्या. म्हटलं, मुळाची तयारी. त्या अशा हसल्या की पदर तोंडाला लावला. काय हसण्यासारखं होतं कळलं नाही.

१८ एप्रिल, रवि.
२४ इंच. खोडाच्या पट्टीने कमाल केली.

आखाजी आली की जुनं आठवतं. एप्रिल लागला की वॉर्डात अर्जांची रांग. "घरून मूळ आले आहे, चार दिवसांची रजा मिळावी." शेवंता, गिरिजा, दाया, आया, सगळ्यांची तीच भाषा. भाऊ नाहीतर काका गाडी जुंपून दारात उभा, आणि पोरी हातातलं काम टाकून निघायला तयार. ज्यांना सासरी राहावं लागायचं त्या बादल्या आपटायच्या. आखाजीची ड्यूटी कायम माझी. मीच मागून घ्यायची. एकोणतिसाव्या वर्षी पांढरं कपाळ घेऊन ट्रेनिंगला आलेली, आई-वडील लवकर गेले, भाऊ पुण्याच्या दोन खोल्यांत. मला कोण बोलावणार आणि कुठे? तीस आखाज्या. झोके गावात बांधलेले असायचे, गाणी दवाखान्याच्या खिडकीपर्यंत यायची. मी खिडकी लावून घ्यायची. पेशंटला त्रास नको म्हणून, असं सांगायची.

खोटं होतं ते. आज लिहून टाकते.

अविला लिहायला अंतर्देशीय काढलं. "चि. अवि यास अनेक आशीर्वाद." पुढे सुचलं नाही.

२१ एप्रिल, बुध.
१५ इंच. अक्कांना विचारलं, मुळाचं काय झालं? "येई, येई. लुगडं धुई ठेवजो चांगलं." आता मूळ लावायला चांगलं लुगडं कशाला? इथली काहीतरी रीत असेल. पांढरं, निळ्या काठांचं धुऊन ठेवलं.

गावातल्या मारवाड्याच्या दुकानातून सुतळी आणली, वेल बांधायला.

२३ एप्रिल, शुक्र.
घाईत लिहितेय, अक्षर नीट येणार नाही.

स. ८. टेप लावली होती, ९ इंच. बैलांच्या घुंगरांचा आवाज. गाडी अक्कांच्या शेताकडे न वळता थेट माझ्या फाटकात. गाडीवर नवी टोपी घातलेले उंच म्हातारे गृहस्थ, मांडीवर गाठोडं. गोल, जड.

"नर्सबाईना मया हाऊच का? मी सखूना भाऊ, नथ्थू. मूय लई उनू."

मूळ घेऊन आले! मी धावतच गेले. म्हटलं, या आबा, आणा इकडे, खड्डा कधीचा तयार आहे.

"खड्डा? कसाले?"

दाखवला. भिजवलेला, शेणखत घातलेला. शेजारी सुतळी. आबा खड्ड्याकडे बघतात, माझ्याकडे बघतात. गाठोडं सोडलं तर आत डांगर निघालं, म्हणजे खरबूज, पिवळंधमक. मी विचारते, आणि मूळ? तेवढ्यात कुंपणाआडून सखूअक्का, चांगलं लुगडं नेसून, हसून हसून खाली बसलेल्या.

आबा हसले नाहीत. टोपी सारखी केली आणि म्हणाले, "तुलेच लेवाले उनू, बहीन. सखूनी सांगं, नर्सबाईले कोनी मूय लावस नही. मंग मन्ह्या दोन बहिनी शेतस. दोन्ही लई जासू."

मलाच न्यायला आले होते, बहीण म्हणून. तीस वर्षं ते अर्ज वाचले, सही केली. 'मूळ आले आहे.' लेकीला न्यायला माहेरचं माणूस आलं, एवढाच अर्थ. हा शब्द मला पाठ होता. पण तो माझ्यासाठी येईल हे डोक्यातच आलं नाही, म्हणून मी झाडाचं मूळ समजले. खड्डा खणला! एवढी वर्षं इथे काढून एवढी मूर्ख चूक दुसऱ्या कुणी केली नसेल. तिथेच खड्ड्याच्या कडेला बसले आणि रडले. आबांसमोर, अक्कांसमोर. लाज वाटली नाही.

मग म्हटलं, मी नाही येऊ शकत. दोऱ्याला पाणी कोण घालणार? अक्कांची सूनही माहेरी चाललेली.

अक्का उठल्या, माझ्याच घागरीने खोडावर पाणी ओतलं, गोणपाट दोन पदरी गुंडाळलं. "आते तिन्हं ती देखी." आता तिचं ती बघेल.

लुगडं नेसले. डांगर पुन्हा गाडीत. अविचं अंतर्देशीय पिशवीत टाकलं. अर्ध्या तासात निघायचं आहे.

२५ एप्रिल, रवि. आबांच्या घरी.
गाडीवाटेने चार तास लागले, पाठ मोडली. पाहते तर घरात पाय ठेवायला जागा नाही. बठ्ठ्या, म्हणजे झाडून सगळ्या, लेकी आलेल्या, सहा वर्षांच्या नातीपासून आमच्यापर्यंत. आबांच्या बायकोने दारातच पायावर पाणी घातलं. मी मागे सरले, म्हटलं मला नको, मी विधवा. तिने ऐकलंच नाही. लेकीला लेकीसारखं, बस्स.

खापरावरच्या पुरणपोळ्या कशा टाकतात ते पाहिलं. दोन्ही हातांच्या कोपरांपर्यंत पसरवतात आणि उलट्या खापरावर सोडतात. मी एक करून पाहिली, तिचे तीन तुकडे झाले. एकीने विचारलं भाजायला किती वेळ, मी घड्याळ लावून मोजलं. हसू लागल्या, सगळं मोजतेस का?

२७ एप्रिल, आखाजी
झोक्यावर बसवलं. मनगटाची भीती वाटत होती, अक्कांनी मागून धरलं. पहिला हेलकावा वर गेला तेव्हा चिंचेची फांदी पायाला लागली. पुन्हा एकदा म्हटलं. अजून एकदा म्हटलं. बाकीच्या ताटकळल्या.

आज खिडकी लावली नाही.

२८ एप्रिल, बुध.
सकाळी अंतर्देशीय काढून बसले. "चि. अवि, तू न्यायला येतो म्हणालास, त्या आधीच मला एकांनी नेलं." एवढं लिहून थांबले. पोराला वाईट वाटेल. त्याची मागची खोली खरीच आहे, माझं मनगटही खरंच आहे. पुढचा पाऊसकाळ मळ्यात एकटीने निघेल का? निघेलही. पडले तर? पडेनही.

आबा ओसरीवर बैलांच्या वेसणी बघत होते. उद्या दोघी बहिणींना पोचवायचं. मूळ आणणाऱ्यानेच लेकीला परत नेऊन घालायचं, असा नियम. अक्कांचं ठरलेलं आहे. मग माझ्याकडे वळून, अगदी सरळ, बैलांना किती चारा लागेल हे विचारावं तसं विचारलं, "आखाजी व्हयनी. आते तुले कोठे पोचाडू, बहीन? मयावर का पुनाले?"

सखूअक्का डांगर चिरायच्या थांबल्या.

मी म्हटलं, आबा, आधी मळ्यावर सोडा. निघाले तेव्हा नऊ इंच राहिलं होतं, ते जमिनीला टेकलं की वाळलं, एवढं मला बघायचं आहे.