थंडीतली बेरीज

२१ जानेवारी

प्रिय ताई,

नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत हे विचारायला हवं, म्हणून विचारते. माझं बरं चाललंय. नव्या खोलीत गरम पाणी येतं, खालच्या मजल्यावरची बाई पहाटे गाणं शिकते आणि मला तिच्या गळ्याचा राग येतो. हल्ली मला सगळ्याचाच राग येतो. त्यातला मोठा वाटा तुझा आहे, म्हणून हे पत्र. फोनवर तू रडायला लागतेस, मग मी विरघळते आणि बोलायचं ते राहून जातं.

परवा म्हणालीस, एका बेरजेवरून घरच्या माणसाची तक्रार करतात का गं, मागे घे. एक बेरीज! वैमानिकाशी संसार करून केस पांढरे झाले तुझे, आणि अजून तुला वाटतं की उंचीचा काटा उंची मोजतो. तो हवेचा दाब मोजतो आणि त्यावरून उंचीचा अंदाज बांधतो. कडाक्याच्या थंडीत हवा आक्रसते, अंदाज फसतो. काटा नऊ हजार फूट दाखवतो आणि विमान खरं तर त्याच्या कितीतरी खाली असतं. म्हणून तक्ता बघायचा, फरक काढायचा, तो आकड्यात मिळवायचा आणि तेवढं वरून जायचं.

हे मला कुणी शिकवलं? भावोजींनीच, तुझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून. "थंडीत काटा फुशारकी मारतो, छोटे. मिळवायचे." इतकं घोकून घेतलंय की झोपेतून उठवलं तरी मी मिळवीन.

त्या सकाळी डोंगर ओलांडायचा होता, ते कॅप्टन आणि मी सहवैमानिक. बाहेर ढग, आणि हाडं गोठवणारी थंडी. सुरक्षित उंची नऊ हजार, तक्त्याप्रमाणे वर सहाशे मिळवायचे. भावोजींनी सहाशे वजा केले आणि विमान खाली घ्यायला लागले. मी म्हटलं, "कॅप्टन, मिळवायचे." ते हसले. मला शिकवतेस का, म्हणाले. मी पुन्हा सांगितलं, तर हातानेच गप्प केलं. मग जमीन जवळ आल्याचा भोंगा कोकलायला लागला आणि मी विमान ताब्यात घेऊन वर खेचलं. ढग जरासा फाटला तेव्हा कड्यावरची झुडपं सुटी सुटी दिसली. मागे बसलेल्या माणसांना वाटलं, हवा खराब आहे.

तक्रारीत मी एवढंच लिहिलं की उंचीची दुरुस्ती उलट्या दिशेने झाली. त्यालाच तू घर फोडणं म्हणतेस. जे लिहिलं नाही ते तुलाही सांगितलं नव्हतं. तुझी दया येत होती.

पण परवा रडता रडता तूच बोलून गेलीस. ते दमतात गं हल्ली, मागच्या आठवड्यात आपलीच गल्ली सापडेना त्यांना. म्हणून गाडीची किल्ली मीच लपवून ठेवते, कामावरही मीच सोडते.

मी फोन ठेवला तो त्यामुळे. लाइन गेली नव्हती.

तू त्यांना गाडी चालवू देत नाहीस, ताई. कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतसुद्धा नाही. आणि विमानतळाच्या दाराशी सोडून, हात हलवून घरी जातेस! गल्ली चुकली तर माणूस कुणाला तरी विचारतो. ढगात कुणाला विचारायचं? मागची माणसं तुझी कुणी नव्हती, जाऊ दे. शेजारच्या खुर्चीत मी बसते, हे तरी आठवायचं होतंस. मला तुझा इतका राग आलाय की पेन कागदात रुततंय. अक्षर लावून वाच.

आता मी गिळलेलं ऐक. भोंगा वाजत होता तेव्हा भावोजींनी माझ्याकडे पाहिलं आणि अगदी शांतपणे म्हणाले, "चिऊ, गॅस बंद कर."

तुला चिऊ म्हणणारा जगात एकच माणूस आहे. ते घरी होते, ताई. त्यांच्या शेजारी तू होतीस. उतरल्यावर त्यांना यातलं काही आठवत नव्हतं. छान चालवलंस, म्हणाले, आणि पाठ थोपटली. मी बाथरूममध्ये जाऊन रडले आणि तक्रारीत फक्त बेरजेचं लिहिलं, कारण चुकलेल्या बेरजेला समज देऊन सोडतात. म्हणजे मीसुद्धा किल्लीच लपवली. त्याचाही राग येतोय.

समज देऊन झाली. सोमवारी ते पुन्हा उडणार होते, आणि शेजारी नवी सहवैमानिक होती, त्यांच्यापुढे ब्रसुद्धा न काढणारी. म्हणून आज कंपनीच्या डॉक्टरीणबाईंना भेटून सगळं सांगितलं. गॅसचं, गल्लीचं, किल्लीचं. तुला विचारलं नाही. भावोजींना उडण्यापासून थांबवलंय. आता पुन्हा उडू देतील असं मला वाटत नाही.

ते चवताळतील. हे कुणी केलं, असं विचारतील. छोटीने केलं, म्हणून सांग. विसरून पुन्हा विचारतील, पुन्हा सांग. दर वेळी माझंच नाव घे, तुझं येऊ देऊ नकोस. त्यांना तुझ्याजवळ राहायचंय. रागवायला मी आहे.

तुझ्यावर अजून चिडलेली,
तुझीच,
छोटी