मागच्या भिंतीवरचा गालिचा

सरिदश्त,
९ सप्टेंबर

भावा आयदारशोह,

तू, निगोरा आणि लेक खुशाल असाल असं धरून चालतो. आई बरी आहे. सकाळ-संध्याकाळ मिठाच्या दूधचहात रोटी कुस्करून खाते आणि वर माझी अक्कल काढते, म्हणजे तब्येतीची काळजी नको. दोन वर्षं तू माझा फोन घेत नाहीस. आता घेतो म्हणालास तरी सोय नाही, टॉवरच वाहून गेला. सबझअलीची मुलगी तुमच्या शहरात शिकायला निघालीय, तिच्या हाती हे देतो.

जुलैमध्ये डोंगरावरून चिखल आणि दगड आले, हे तिकडे कळलंच असेल. माणूस एकही गेलं नाही. पूल गेला, खालची जर्दाळूची झाडं गेली, माझी चूल आणि दुकानाचा ओटा गेला. तुझ्या घरात थोडी ओल शिरली.

मदतीचं ऐक. गाढवावर रॉकेल विकण्यापासून सुरुवात करून मी दुकान उभं केलं, शंभर प्रकारची गिऱ्हाइकं बघितली, पण सरकारसारखं गिऱ्हाईक नाही बघितलं. एकोणीस दिवसांनी निरोप आला : पाहणीला माणसं येणार, ज्यांची घरं पडलीत त्यांना वरच्या माळावर दोन खोल्यांचं पत्र्याचं घर मिळणार.

आता पाहुणे येणार म्हटल्यावर आपला गाव काय करतो? तुला माहीत आहे. सगळे एकदिलाने कामाला लागले. दोन दिवसांत घराघरांतला चिखल उपसला, चुना दिला, धुतलेले गालिचे अंथरले. उरलेली मेंढी कापली. आईने तर नवरोजला करते तसे तुझ्या घराच्या पाचही खांबांवर पिठाचे ठसे उमटवले.

साहेब आले. पोरसवदा, स्वच्छ बुटांचे, हातात यादी. तुझ्याच घरात जेवायला बसवलं, कारण पाहुण्यांची बसायची जागा तीच.

"काका, यात पडलंय काय?"

"साहेब, परवा इथे गुडघाभर चिखल होता."

"परवा होता. मी आज आलोय."

"चुना ओला आहे, बोट लावून बघा की."

"म्हणजे भिंत उभी आहे. पडलेल्या भिंतीला चुना देतं का कुणी?"

अठ्ठावीस घरांपुढे त्याने लिहिलं : किरकोळ नुकसान. एकाच घरापुढे लिहिलं : पूर्ण उद्ध्वस्त. ते माझं. माझी फक्त चूल आणि ओटा पडला होता रे! पण आम्ही घरचे सगळे दुसऱ्यांकडे राबत होतो, आमच्या दारातला चिखल तसाच राहिला.

त्यानंतर मी खालच्या ऑफिसात पाच वेळा गेलो. पूल नाही, म्हणजे नदीतून कमरेइतक्या पाण्यातून. पहिल्या खेपेला साहेब रजेवर. दुसऱ्या खेपेला शिक्का रजेवर, म्हणजे शिक्क्याच्या कपाटाची किल्ली ज्याच्याकडे तो. तिसऱ्या खेपेला तिथली बाई म्हणाली, "काका, तुम्हाला मिळालंय ना घर? मग भांडता कशाला?" मी म्हटलं, "ताई, ज्याला नको त्याला मिळालं म्हणून भांडतोय." ती म्हणाली, असा अर्ज त्यांच्याकडे नसतो.

आता खरं लिहितो. चिखल उपसा, चुना द्या, हे गावाला मीच सांगितलं. मी दुकानदार, वाटलं, आधी पोटभर खाऊ घालू, मग मागू. दोन वर्षांपूर्वी गाव सोडताना बसच्या दारात तू म्हणाला होतास, "दादा, तुला सगळ्यांचीच घरं चालवायची असतात." तेव्हा मी तुला नको ते बोललो. तू बरोबर होतास.

आणि तुझ्या घरात ओल नाही शिरली. मागची भिंत पडलीय, आयदार. एक बैल आत येईल एवढी. पाहुण्यांना भगदाड कसं दाखवायचं म्हणून त्यावर आईच्या लग्नातला लाल गालिचा मीच टांगला. जेवण झाल्यावर मी तो उचलायला उठलो होतो. तेवढ्यात साहेब म्हणाले, "असाच गालिचा माझ्या आजीकडे होता." आई एवढी खूश झाली की तिने स्वतः विणलेले लोकरीचे मोजे त्याच्या हातात ठेवले. मग माझा हात वर गेलाच नाही.

माझ्या नावाचं पत्र्याचं घर गेल्या आठवड्यात आलं. मी ते माळावर उभं केलं, आईसाठी. आई येत नाही. म्हणते, "ते खुशनझरला दिलंय सरकारने. मी धाकट्याच्या घरात आहे. तो सांगू दे घर पडलं म्हणून, मग पडलं." घर धाकट्याचं, हा आपलाच रिवाज. भगदाडाकडे पाठ करून, दोन गोधड्या घेऊन ती तिथेच झोपते. गालिचा रात्रभर पोटासारखा फुगतो आणि आत जातो. परवा शिखरावर बर्फ दिसलं.

पाचव्या खेपेला ऑफिसातली तीच बाई हळूच म्हणाली, घरमालकाने स्वतःच्या हाताने लिहून दिलं की घर पडलंय, तर फेरपाहणी होते. बाकीच्या सत्तावीस जणांनी लिहून दिलं. मालक गावात नाही असं घर एकच.

म्हणजे सरकारला आणि आईला, दोघांना एकच कागद हवाय. आयुष्यभर सगळ्यांना हुकूम सोडले, हा कागद काही माझ्या हुकमाने निघत नाही. घर पडलंय, एवढी एकच ओळ लिही. माझ्या नावाने नको लिहूस, आईच्या नावाने लिही. माझ्यावरचा राग तसाच ठेवलास तरी चालेल; रागाला पत्रा लागत नाही.

फेरपाहणीला येतील तेव्हा कुणी झाडू धरायचा नाही, असं मी ठरवलं होतं. पण हेही मी ठरवणार नाही. गालिचा तेवढा खाली उतरवीन.

तुझ्या दारात बसून, तुझ्याच परवानगीची वाट बघणारा,
तुझा दादा,
खुशनझर