बिनवासाची बाटली

३ एप्रिल

ती. मामास,
शि. सा. न. वि. वि. मामीला नमस्कार, तिच्या गुडघ्यांनाही.

एवढं सविस्तर पत्र कशाला, असं विचारू नकोस. फोनवर तुला अर्धंच ऐकू येतं आणि तेवढं तू मोठ्याने मामीला सांगतोस. हे सध्या तुझ्यापुरतंच राहू दे.

फेब्रुवारीतल्या तापातून मी उठले. भूक परत आली, ताकद आली, वास मात्र आला नाही. पाच आठवडे झाले, मामा. परवा दूध जळून पातेलं काळं झालं, ते मला डोळ्यांनी दिसलं तेव्हा कळलं. डॉक्टर म्हणतात, काही महिन्यांत येईल, कदाचित नाहीही येणार. आईला सांगितलं तर ती माझ्याआधी आजारी पडेल.

आणि माझं काम तुला माहीतच आहे. दुकानाच्या मागच्या टेबलावर बसून फुलापानांचे अर्क साध्या तेलात मिसळायचे आणि बाटल्या भरायच्या. नऊ वर्षं हेच करते आहे. थेंब मोजायचे, चिठ्ठी लावायची, शेवटी नाकाशी धरून खात्री करायची, मग बूच. मालकीणबाई समोर असल्या की मी अजूनही बाटली नाकाशी नेते आणि मान डोलावते. मान डोलावते, मामा! मेल्याहून मेल्यासारखं होतं. पण सांगितलं तर टेबल जाईल, आणि मला दुसरं येतं काय? थेंब मी दोनदा मोजते, चिठ्ठ्या दोनदा वाचते. अजून तरी काही चुकलेलं नाही.

शाळेतून पळून तुझ्या तबेल्यात आले होते तेव्हा तू मला गवताच्या भाऱ्यांमागे बसवून जेवू घातलंस आणि आईला आजतागायत सांगितलं नाहीस. म्हणून तुला सांगितलं. वाचून नुसता हं म्हणालास तरी मला बरं वाटेल.

तुझी,
चिंगी


९ एप्रिल

चि. चिंगीस,
अनेक आशीर्वाद, आणि एक मोठ्ठा हं.

पत्र आधी उभ्याने वाचलं, मग पाण्याच्या हौदाच्या कठड्यावर बसून वाचलं. पोरी, एवढं एकटीने पोटात ठेवून बसलीस? फार वाईट वाटलं. मामीला सांगितलेलं नाही, पण तिने माझं तोंड बघून ओळखलं की काहीतरी आहे. आता ती दोन दिवस माझ्याशी गोड वागते आहे. ते जास्त जड जातं.

माझं म्हणशील तर मालकीणबाईंना सांगून टाक. हे मी आता अधिकाराने सांगू शकतो, कारण मी स्वतः शेण खाऊन बसलो आहे. आमच्या बाईसाहेब तुला आठवतात ना? पांढरी घोडी, गुलाबी नाक, चालते अशी जणू सगळी पागा तिच्या बापाची. तिला शेपटीच्या मुळाशी खाज सुटली होती. नाल ठोकायला जो येतो त्याने टी ट्री नावाच्या झाडाच्या तेलाची एक बाटली दिली. झाडाचंच आहे, त्याने काय होतंय, असं म्हणाला. मलाही पटलं. अर्धी बाटली तशीच ओतली आणि चांगली चोळली. दुसऱ्या दिवशी कातडी लालबुंद, केस झडलेले! अठ्ठावीस वर्षं घोड्यांत काढली, कुठल्या जनावराने मला पाठ दाखवली नाही. आता मी दिसलो की बाईसाहेब सरळ पुठ्ठा करतात.

घोड्यांच्या डॉक्टरीणबाईंनी माझी बिनपाण्याने केली. मालकांना मी स्वतःच जाऊन सांगितलं. पाच मिनिटं फार वाईट गेली. नंतर भाकरतुकडा गोड लागला, एवढं खरं.

तर मास्तरीणबाई, मला या तेलांचं अगदी पाटीवर गिरवतात तसं शिकव. घोडीचंही आणि माझ्या दुखऱ्या खांद्याचंही. न समजता बाटली हातात धरणार नाही.

तुझा अडाणी,
मामा


१४ एप्रिल

ती. मामास,
सा. न. वि. वि. तुझा हं पोचला. उशाशी ठेवला आहे.

बाईसाहेबांचं वाचून आधी रडू आलं, मग पुठ्ठ्याचं वाचून हसू आलं. तू काही वाईट मनाने केलं नाहीस, पण केलंस भलतंच. या बाटल्यांमध्ये पाटीभर पाल्याचा जोर थेंबात आलेला असतो. तो कातडीवर तसाच कधीही लावायचा नाही, तुझ्याही नाही आणि घोडीच्या तर नाहीच. तीस मिली साध्या तेलात सहा थेंब, बस्स. तुझा हात सैल आहे, म्हणून थेंब मामीला टाकायला सांग. चुकून जास्त लागलंच तर नुसतं पाणी मारून उपयोग नाही, तेल पाण्याला दाद देत नाही. कापसावर साधं तेल घेऊन पुसायचं, मग सौम्य साबण. आता मात्र काही करू नकोस. केस परत येईपर्यंत तिथे डॉक्टरीणबाईंच्या मलमाशिवाय काहीही नको.

पुढेही आधी नाण्याएवढ्या जागेवर लावून एक दिवस थांबायचं. तिच्या खांद्यावर, तुझ्या कोपराच्या आतल्या बाजूला. खोगिराखाली नाही, डोळ्यांजवळ नाही, नाकपुडीत नाही. लिंबू-संत्र्याचं तेल तर तिच्या त्या गुलाबी नाकाला उन्हात भाजून काढेल. तिची स्पर्धा जवळ असेल तर डॉक्टरीणबाईंना विचारल्याशिवाय एक थेंबही नाही, तपासणीत सापडतं. आणि तान्ह्या बाळांना यातलं काहीच नाही, त्यांना नुसतं साधं तेल. हे मी दुकानात दिवसातून दहा वेळा सांगते, म्हणून तुलाही सांगून टाकलं.

सगळ्यात महत्त्वाचं राहिलंच. लावायच्या आधी घोडीला विचार. बांधून ठेवू नकोस. बूच तळहातावर ठेवून हात लांब धर. पुढे येऊन हुंगलं, वरचा ओठ उचलला, तर ठीक. तोंड फिरवलं तर बाटली बंद. मग आग्रह नाही, लाडीगोडी नाही. कसलं तेल आहे ते तिचं नाक सांगेल. तेवढं नाक सध्या आपल्या घराण्यात तिच्याकडेच आहे.

माशांसाठी निलगिरी आणि गवती चहाची एक बाटली भरून पाठवते, पण केस आल्यावरच उघड. मालकीणबाईंना सांगेन, महिनाअखेरीला. सध्या दुकानात फार गर्दी असते. तू डोळे वटारून वाचतो आहेस हे मला इथून दिसतंय.

माया अशीच राहू दे.
चिंगी


२६ एप्रिल

चि. चिंगीस,
अ. आ. आज पत्र नाही, आभारांचं पोतं पाठवतो आहे.

बाईसाहेबांना मखमलीसारखे नवे केस आले. डॉक्टरीणबाईंनी हात फिरवून पाहिला आणि मला पहिल्यांदा माणसात धरलं. मी तेलाचं सगळं त्यांना घडाघडा म्हणून दाखवलं. त्यांनी विचारलं, हे शिकवलं कोणी? माझ्या भाचीने, असं मी एवढ्या जोरात सांगितलं की पलीकडचा घोडा बिचकला. आणि काल बाईसाहेब स्वतःहून आल्या आणि माझ्या पाठीवर डोकं घासून गेल्या. चिंगे, तुझे उपकार मी कुठे ठेवू?

आता तुझ्या बाटलीची गंमत. पुडकं आज सकाळी मिळालं. शिकवलंस तसं बूच तळहातावर ठेवलं, हात लांब केला. बाईसाहेबांनी हुंगलं, परत हुंगलं आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी रिकामा हात पुढे करून फसवतो आहे. मग बूच चाटलं! मी हुंगलं, कसलाच वास नाही. मामीला हुंगायला दिलं. ती म्हणाली, हे तर नुसतं बदामाचं तेल, मी केसांना लावते ते. आणि चिठ्ठीवर तुझ्याच अक्षरात, घोडी, माशांसाठी. माशांतर्फे तुझे आभार मानतो.

इथपर्यंत हसत लिहिलं आणि लेखणी थांबली. साधं तेल माझ्याकडे आलं, तर माझं निलगिरीचं तेल कोणाच्या नावाने गेलं? बसलो तसा उठतो. ऑफिसात फोन आहे.

तासाभराने. तू फोनवर एवढंच म्हणालीस, की त्या दिवशी साध्या तेलाची एकच बाटली भरली होती, दोन महिन्यांच्या बाळासाठी, आणि फोन ठेवलास. मी त्याच स्टुलावर बसून आहे. मामी शेजारी येऊन बसली आहे. तिला सगळं सांगितलं, माफ कर. लिहिलेलं आहे म्हणून पत्र टाकतो. देव करो आणि सगळं नीट असो.

मामा


२७ एप्रिल

ती. मामास आणि मामीस,
बाळ सुखरूप आहे. रात्री फोनवर सांगितलं तेच आधी परत लिहिते, म्हणजे पुढचं तू धड वाचशील.

फोन ठेवला तेव्हा मालकीणबाई समोरच बाटल्या पुसत होत्या. माझ्या तोंडून एका दमात सगळं बाहेर आलं. वास येत नाही, दोन महिने येत नाही, मी मान डोलावते, चिठ्ठ्या उलट्या लागून बाळाच्या घरी निलगिरीची बाटली गेली आहे. त्यांनी हातातलं फडकं टाकलं, वहीतून पत्ता काढला, दुकानाला कुलूप लावलं. दोघी धावतच निघालो. तिसरा मजला. मी चपला कुठे सोडल्या मला आठवत नाही.

बाळाची आई घरी शिवणकाम करते. दार उघडलं तेव्हा तिच्या खांद्यावर मोजायची टेप होती. मला धाप लागलेली, काय बोलले ते देवाला ठाऊक. तिने कपाटावरून बाटली काढून हातात दिली. तिने ती पहिल्याच दिवशी उघडली होती, तर वास नाकात झोंबला. दुकानातल्या बाईंनी तर बजावून सांगितलं होतं की बाळाच्या तेलाला वास नको, असं म्हणून तिने बूच लावून ठेवून दिली. सुट्टीच्या दिवशी विचारायला येणार होती. दुकानातल्या बाई म्हणजे मी! बाळ पाळण्यात मुठी आवळून झोपलं होतं. मी त्याच्याकडे पाहिलं आणि मग जिन्यात जाऊन बसले. मामा, मी एवढी कधी रडले नव्हते आणि एवढे आभारही कधी मानले नव्हते. कोणाचे मानले तेही कळलं नाही. त्या आईचे, तुझे, मामीच्या नाकाचे, सगळ्यांचे.

मालकीणबाई परतताना बोलल्या. नाक गेलं त्याचं त्यांना काही नाही. दोन महिने समोर बसून खोटी मान हलवली, ते त्यांना लागलं. टेबल काढून घेतलं आहे. सध्या मी पुढे गिऱ्हाइकांपाशी बसते. पुढचं काय, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. त्या सांगतील ते मला कबूल आहे.

तू म्हणालास ते खरं निघालं. काल रात्री जेवण गेलं, चव नसूनही.

तुमची,
चिंगी


४ मे

चि. चिंगीस,
अ. आ. मामीचेही.

तुझं पत्र मामीने मला वाचून दाखवलं. मग मी तिला वाचून दाखवलं.

तू चुकलीस. ते मी पुसून काढणार नाही, तुलाही ते नको असेल. पण त्या बाळाला वाचवलं ते कोणी? तूच दहा वेळा बजावलेल्या शब्दांनी. तेव्हा तुला नाक नव्हतं, तरी ते शब्द खरे होते. टेबल मिळालं नाही तर इकडे ये. इथे वास न येणं हा गुणच धरतात. मिळालं तर मात्र नाकाचं काम ज्याला नाक आहे त्याच्याकडून करून घे आणि त्यात कमीपणा मानू नकोस. डोळे अधू झाल्यापासून मी नालेचे खिळे मामीकडून मोजून घेतो. कोण हसतंय?

तुझ्याबद्दल मला फार वाटतं, बाकी लिहिता येत नाही.

मामा


१९ मे

ती. मामास,
सा. न. वि. वि.

मालकीणबाईंनी परवा टेबल परत दिलं. आता थेंब मी मोजते, चिठ्ठी मी लिहिते, आणि बूच लावायच्या आधी बाटली त्यांच्याकडे जाते. त्या हुंगतात आणि सही करतात. मी त्यांचे आभार मानायला गेले तर म्हणाल्या, आभार राहू देत, हात चालव.

आज बाळाची आई आली होती, बाळाला घेऊन. तिला साधं तेल हवं होतं. तिने ते माझ्याच हातून भरून हवं म्हणून सांगितलं. मी म्हटलं, इथे दुसऱ्याही मुली आहेत, त्यांना वास येतो. ती म्हणाली, चूक कळल्यावर अनवाणी तीन मजले चढून आलेली तीच बाई तिला हवी आहे. मी बाटली भरली. मालकीणबाईंनी हुंगली, मग त्या आईने हुंगली, आणि बाटली पिशवीत ठेवायला हात मोकळे हवेत म्हणून तिने बाळ माझ्या हातात दिलं.

सगळे म्हणतात, तान्ह्या बाळाच्या टाळूला एक वास असतो. मी नाक टेकवलं. काही आलं नाही. तसं मी तिला सांगितलं, आणि विचारलं की कसा येतो. तिने वाकून हुंगलं, जरा विचार केला आणि म्हणाली, दुधाचा, आणि उन्हात वाळलेल्या कपड्यांचा. मामा, मला एवढं बरं वाटलं की मी तिला परत एकदा सांगायला लावलं.

तिकडे कशाकशाचा वास येतो ते तुम्ही दोघं असंच सांगत राहा, मी ऐकत राहीन.

चिंगी